तुमच्या नावावर विकलेला ट्रक

अण्णा, तुमचं नाव सांगून मी एका माणसाला वस्तू घ्यायला लावली आणि वर्षभरानं ती वस्तू त्याच्या घरातून काढून घेतली गेली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, दरवर्षी श्राद्धाला पान वाढलं, हात जोडले, संपलं. आता लिहायला बसले आहे ते काही प्रेमाचा उमाळा आलाय म्हणून नाही. मला राग आलाय, आणि तो कुणावर काढावा हे नीट कळत नाहीये, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही. व्हिडिओ गेम आता कॅसेटवर येत नाहीत. दुकान नाही, काउंटर नाही, हातात काही पडतही नाही. मोबाइलवर नाहीतर कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, पैसे जातात आणि गेम आपोआप उतरतो. असे गेम विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी जालन्यात घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन करते. लोक गेम बघतात, आवडला की टोपलीत टाकतात, म्हणजे तिथं टोपलीचं चित्र असतं त्यात, आणि ऐन वेळी न घेता निघून जातात. अशांना फोन लावायचा आणि गोड आवाजात विचारायचं, का बरं घेतला नाहीत? आमच्या विक्रीच्या पद्धतीबद्दल तुमचं काय मत आहे? मराठी गिऱ्हाइकांची मतं घेणारी म्हणून मला ठेवलंय. दोन वर्षं झाली. प्रत्येक फोनचं कॉम्प्युटरवर एक पान भरायचं असतं. वर समाधानी की असमाधानी ते निवडायचं, आणि लोक जे सांगतील ते मी खालच्या मोठ्या चौकोनात शब्दन्शब्द लिहायची आणि वर पाठवायची. कुकरची शिट्टी व्हायला लागली की गिऱ्हाइकाला म्हणायची, एक मिनिट हं, आणि गॅस बंद करून परत लिहायची.

आणि काय एकेक मतं असायची. अंबडचा एक कंपाउंडर मला म्हणाला, "मॅडम, माझा खेळून झाला की भावाला देता येतो का? न्हाई ना? मंग तो माझा कसा काय?" मंठ्याची एक कॉलेजातली पोरगी भांडायलाच बसली, अर्धा गेम आधी विकता आणि उरलेला तुकड्यातुकड्यानं विकता, हे आधी सांगायला तोंडाला काय कुलूप असतं का म्हणाली. एक रिटायर तलाठी होते, नातवासाठी गेम बघत होते. ते म्हणाले, "सातबारा दाखवा." मी म्हटलं, कशाचा? "गेमचा. माझं नाव कुठं लागलंय ते दाखवा, मंग पैसे देतो." त्या दिवशी मी फोन ठेवून एकटीच हसत बसले होते. आता आठवलं की वाटतं, सगळ्यांत शहाणा तोच माणूस होता.

अशी मतं ऐकली की मला तुमचं भोकरदनचं दुकान आठवायचं. रेडिओ-टेपची दुरुस्ती आणि काचेच्या काउंटरखाली गेमच्या कॅसेटी. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं यायची, पोरं यायची, आणि मत विचारायला कुणाला फोन करावा लागायचा नाही, ती समोर उभी राहून तोंडावर सांगायची. "अण्णा, लेबलवर नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम लिहेलंय अन् निघतेत किती तर सहा! तेच ते फिरून फिरून येऊन राह्यले." तेव्हा सगळ्याच कॅसेटींवर असली लेबलं असायची, माल वरूनच तसा यायचा. बाकीचे दुकानदार हात वर करायचे. तुम्ही माल आला की एकेक कॅसेट दुकानातल्या टीव्हीला लावून बसायचे, किती खरे गेम निघतात ते मोजायचे, आणि मग ब्लेडनं ते लेबल खरवडून त्या जागी वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवायचे. चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात नुसतं 'सहा'. कुठं 'चार'. शेजारचा कापडवाला म्हणायचा, अण्णा, तुम्ही धंदा करून राह्यले का जनगणना? पण गिऱ्हाइकं लांबून तुमच्याचकडे यायची. कुणी घ्यावं की नको करत उभा राहिला की तुम्ही कॅसेट काउंटरवर ठेवायचे, तिच्यावर पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, "माह्या नावावर घेऊन जा." एवढं म्हटलं की विषय मिटायचा. त्याच्या हातात कॅसेट दिल्यावर म्हणायचे, आता ती तुही, माहा काही हक्क न्हाई.

मी बारा वर्षांची असताना तुम्ही जेवायला घरी गेल्ते आणि मी काउंटरवर बसले होते, ते तुम्हाला आठवत असेल. हसनाबादचा एक माणूस भाच्यासाठी कॅसेट घ्यायला आल्ता. लेबल अजून खरवडलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, खरंच एवढे निघतात का गं? मला दुकान चालवून दाखवायचं होतं. मी म्हटलं, हो, सगळे निघतात, आणि तुमच्यासारखाच पंजा ठेवून म्हटलं, माझ्या नावावर घेऊन जा. तुम्ही आल्यावर मी ही बहादुरी मोठ्या तोऱ्यात सांगितली.  दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं, मला एसटीत बसवलं आणि हसनाबादला विचारत विचारत त्याच्या घरी नेलं. अंगणात पाचसहा माणसं बसलेली. तुम्ही म्हणालात, सांग. मी मान खाली घालून सांगितलं, मी खोटं बोलले, सहाच निघतात. तो माणूस बिचारा हसायला लागला, जाऊ द्या ना अण्णा, लेकरू हाय म्हणाला, पोरगं तर खुशीत खेळून राह्यलंय. तरी तुम्ही पिशवीतून दुसरी कॅसेट काढून त्याला दिलीच. येताना गाडीत तुम्ही एकच वाक्य बोललात. "वस्तू खराब निघाली तर बदलून देता येती. बोल कुठून आणशील बदलून?" मी खिडकीकडे तोंड करून रडत आले. भोकरदनला उतरल्यावर तुम्ही स्टँडवर भजी घेऊन दिली आणि मी ती खाल्लीसुद्धा.

तर आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी मी एका माणसाला फोन लावला. त्यानं ट्रक चालवायचा एक गेम तीनदा टोपलीत टाकला होता आणि तीनदा काढला होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काय हाय मॅडम, घ्यावा वाटून राह्यला, पण पैसे देऊन हवा घेतल्यासारखं वाटतं. उद्या तुम्ही वापस घेतला तर मी कुठं दाद मागू?" त्याचं बोलणं ऐकून मी विचारलं, तुम्ही भोकरदनकडचे का? म्हणाला, केदारखेड्याचा. मी म्हटलं, माझं माहेर भोकरदन, आणि आपलं दुकान कुठं होतं ते सांगितलं. पलीकडे एकदम आवाजच बदलला. "रेडिओवाल्या अण्णाचं? तुम्ही अण्णाची पोरगी का? आवं ताई, चिठ्ठीवाली कॅसेट अजून हाय आमच्या ट्रंकात. तसला टीव्ही न्हाई ऱ्हायला आता, पण कॅसेट हाय!" मॅडमची मी ताई झाले. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

मग त्यानं सांगितलं की गेम त्याच्यासाठी नव्हताच. आईसाठी होता. वडील जन्मभर ट्रकवर, आणि त्यांनी बायकोला एकदाही केबिनमध्ये बसवलं नाही. बाई केबिनमध्ये बसली की लोक हसतात म्हणे. आता वडील नाहीत, म्हातारीचे गुडघे गेलेत, दिवसभर खाटेवर बसून असते. पुतण्याच्या मोबाइलवर तिनं हा गेम पाहिला आणि लेकाला म्हणाली, मला बी पायजे. "माय कधी काही मागत न्हाई ताई. आता मागितलं तर नीट पायजे. तिला देऊन परत काढून घेतलं असं व्हायला नको." मी म्हटलं, विचारून परत फोन करते, आणि आमच्या टीम लीडरला फोन केला. तो पुण्याचा पोरगा आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याला सरळ विचारलं, घेतलेला गेम कायम राहतो ना? तो म्हणाला, हो हो, खात्यात कायमचा, बिनधास्त सांगा. अण्णा, मी विचारलं होतं. न विचारता नाही बोलले. मी केदारखेड्याला परत फोन लावला आणि म्हटलं, दादा, अण्णांच्या नावावर घ्या. काही झालं तर मी आहे. त्यानं पुढचं काही विचारलं नाही. फोन चालू असतानाच बटण दाबलं.

मग तो अधूनमधून स्वतःहून फोन करायचा. मत सांगायला म्हणायचा, पण खरं तर आईच्या गमती सांगायला. म्हातारी सकाळी चहा झाला की ट्रक बाहेर काढायची. गेममधले रस्ते सगळे परदेशातले, बर्फाचे डोंगर, मोठमोठे पूल. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं गावांना आपली नावं देऊन टाकलेली. पूल लागला की परभणी, उताराला लागलं की अजिंठ्याचा घाट. सून जेवायला हाक मारायला गेली की म्हणायची, थांब गं, माल खाली करून येते. एकदा त्यानं फोन तिच्याच हातात दिला. ती मला म्हणाली, "पोरी, तिकडं लई थंडी हाय गं. पण रस्ते बराबर हायेत, एक खड्डा न्हाई." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा चांगली चालवते मी." मी ते सगळं मताच्या चौकोनात लिहिलं होतं. म्हटलं, वर कुणीतरी वाचेल, त्यालाही बरं वाटेल.

गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं, म्हणजे ईमेल. गेम बनवणाऱ्यांशी असलेला करार संपला म्हणून तो ट्रकचा गेम बंद. नुसता विकायचा बंद नाही, ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडूनही जाणार. बदल्यात दुसऱ्या कुठल्याशा गेमवर सवलतीचं कूपन. तोंडाला पानं पुसायची म्हणतात ती हीच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लीडरला फोन केला तर तो शांतपणे म्हणतो, "मॅडम, आपण गेम विकतच नाही. वापरायची परवानगी विकतो. नियमांत लिहिलेलं आहे." मी म्हटलं, मग बटणावर 'खरेदी करा' का लिहिलंय? तो हसला. "'परवानगी घ्या' लिहिलं तर कोण दाबेल?" मी म्हटलं, तू मला कायमचा म्हणाला होतास. तर म्हणतो, तेव्हा कायमचाच होता. बघा अण्णा, काय उत्तर आहे. नंतर मी ते नियम उघडले. चाळीस पानं, सगळी इंग्रजीत, आणि मधल्या कुठल्याशा पानावर खरंच लिहिलेलं, की आम्ही वाटेल तेव्हा काढून घेऊ शकतो. म्हातारीला तर आपलं नावसुद्धा वाचता येत नाही.

मी म्हटलं, अरे, पण लोक दोन वर्षं हेच सांगत होते. कंपाउंडर हेच म्हणाला, तलाठी हेच म्हणाले, मी सगळं लिहून पाठवलंय, तुम्ही वाचलं नाही का? तो मग म्हणाला, "मॅडम, खालचा चौकोन कुणी वाचत नाही. तो फक्त कॉल घेणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. वरचा पर्याय तेवढा पुढं जातो, समाधानी की असमाधानी." दोन वर्षं, अण्णा. शेकडो माणसांनी मला मनातलं सांगितलं, मी शिट्ट्या होणारा कुकर बंद करून ते उतरवून घेतलं, आणि ते कुठं गेलंच नाही. माझा केसानं गळा कापला त्या लोकांनी, आणि माझ्याच हातानं त्या म्हातारीचा.

त्या दिवशी मला तुमचाही राग आला, तोही सांगून टाकते. तुम्ही मला पंजा ठेवायला शिकवलंत, हसनाबादला नेऊन मान खाली घालायला लावलीत, पण एक गोष्ट कधी सांगितली नाहीत. तुमच्या पंजाखाली कॅसेट असायची. ती तुमची होती, तुम्ही तिचे स्क्रू उघडून बघितलेले असायचे, बिघडली तर दुसरी द्यायला काउंटरखाली होती. माझ्या पंजाखाली काय होतं? दुसऱ्याचा माल, तोही न दिसणारा, आणि त्याची चावी मी कधी पाहिली नाहीत अशा माणसांच्या हातात. असल्या वस्तूवर बोल द्यायचा नसतो, हे शिकवायला पाहिजे होतं तुम्ही. तुमच्या काळात असलं काही नव्हतं, हे मला कळतं. पण राग आला तो आला. मी भांडी घासताना तुमच्याशी मोठ्यानं भांडले, आणि नवरा बाहेरून विचारत राहिला, कुणाशी बोलून राह्यली?

गेम गेला त्या सकाळी केदारखेड्याहून फोन आला. "ताई, ट्रक दिसून न्हाई राह्यला. माह्याकडून काही दाबल्या गेलं का?" त्याला वाटलं चूक त्याचीच. मी सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, विचारून सांगते. मग चार दिवस त्याचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवायची. पाचव्या दिवशी, दुपारी, उचलला आणि सगळं सांगितलं. करार, परवानगी, कूपन. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "माय काही बोलून न्हाई राह्यली. मोबाइल हातात घेती अन् खाली ठेवती. काल म्हणली, मी कुठं ठोकली तर न्हाई ना रे गाडी, म्हणून काढून घेतली?"  मी म्हटलं, नाही हो, त्यांना सांगा, त्यांची काही चूक नाही. तो म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई ताई. तुम्ही नोकरी करून राह्यल्या. पण अण्णाचं नाव घ्यायला नको व्हतं." आणि त्यानं फोन ठेवला.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून तर लिहिता आलं. तुम्ही समोर असतात तर दुकानाला कुलूप लावून मला केदारखेड्याच्या गाडीत बसवलं असतंत. मी गेले नाही. जालन्याहून किती लांब आहे ते? सकाळी निघून दुपारी परत यायचा रस्ता. रोज ठरवते आणि रोज काहीतरी निघतं. आणि आता एक शेवटचं राहिलंय, ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रत्येक फोननंतर गिऱ्हाइकाचं मत भरावंच लागतं, त्याशिवाय पान मिटत नाही. असमाधानी निवडलं की त्या गिऱ्हाइकाशी झालेल्या सगळ्या फोनचं रेकॉर्डिंग काढून ऐकतात, अगदी पहिल्यापासून. पहिल्या दिवशीच्या फोनमध्ये माझा आवाज आहे, अण्णांच्या नावावर घ्या म्हणणारा. अशी हमी द्यायची आम्हाला सक्त मनाई आहे, त्याच दिवशी घरी बसवतात. नवऱ्याच्या सीड कंपनीत गेल्या वर्षी माणसं कमी केली, त्याचंही काही खरं नाही. त्या दुपारी फोन ठेवल्यावर मी खालचा चौकोन कोराच सोडला. वरच्या यादीत त्या माणसाच्या नावापुढं मी 'समाधानी' निवडलं, आणि पुढचा नंबर लावला.